टांकसाळीतून निघालेला हायड्रोजन

पणजीत पोस्टाजवळच्या काझा द मोएदासमोरून, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतल्या जुन्या टांकसाळीसमोरून जाताना मला थॉमस ग्रॅहॅम आठवतात. ते लंडनच्या शाही टांकसाळीचे प्रमुख. नाण्यांचा कारभार सांभाळून १८६६ साली त्यांनी दाखवून दिलं, की पॅलेडियम (प्लॅटिनमच्या कुळातला एक महागडा धातू) स्वतःच्या आकारमानाच्या सहाशे पटींहून अधिक हायड्रोजन पोटात घेतं आणि तापवलं की पुन्हा सोडतं. तापलेल्या प्लॅटिनममधून हायड्रोजन झिरपतो, हे फ्रान्समध्ये देव्हील आणि त्रूस्त या रसायनशास्त्रज्ञांना आधीच दिसलं होतं. पण पॅलेडियमची भूक वेगळीच!

पॅलेडियमच्या पत्र्यातून हायड्रोजन असा वेगळा काढण्याला वायू 'गाळणं' म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो. या पत्र्याला भोकं नसतातच. एक जरी पडलं तरी तो वाया गेला. हायड्रोजनचा रेणू पृष्ठभागावर फुटतो, सुटे अणू धातूत विरघळून पलीकडे सरकतात आणि तिथे पुन्हा जोडीनं बाहेर पडतात. नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड अलीकडच्या बाजूलाच राहतात. भट्टीवर हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, पुन्हा उकळून फेणी काढली तरी तिच्यात पाणी उरतंच. इथे मात्र शुद्धता ९९.९९९९ टक्क्यांपुढे जाते.

मग हे तंत्र इतकी वर्षं प्रयोगशाळेतच का अडकलं? सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या खाली हायड्रोजन भरला, की पॅलेडियम जवळजवळ दहा टक्के फुगतं. तो निघून गेला की आकसतं. असं काही वेळा झालं, की पत्रा वाकडा होऊन तडकतो. उतारा सोनाराला सुचावा असाच निघाला: दुसरा धातू मिसळायचा. १९५० च्या दशकात अमेरिकेत जेम्स हंटर यांनी पॅलेडियममध्ये साधारण पाव हिस्सा चांदी मिसळली. पत्रा टिकला, शिवाय हायड्रोजन आधीपेक्षा जास्त वेगानं जाऊ लागला. पुढे चिप बनवणाऱ्या कारखान्यांना असाच वायू हवा होता.

झुआरीनगरसारख्या खत कारखान्याची गरज वेगळी. अमोनियासाठी तिथे हायड्रोजन प्रचंड लागतो, पण उरलासुरला कार्बन मोनॉक्साइड मिथेनमध्ये बदलला की काम भागतं. हायड्रोजनपासून वीज काढणाऱ्या गाडीतल्या फ्युएल सेलला मात्र दहा लाखांत ०.२ भागापलीकडे कार्बन मोनॉक्साइड खपत नाही.

जुलै २०२३ मध्ये जी-२० देशांचे ऊर्जामंत्री गोव्यात जमले, तेव्हा हायड्रोजनवर पुष्कळ बोलणं झालं. पॅलेडियमच्या किमतीमुळे संशोधक आता व्हॅनेडियम, नायोबियम या धातूंकडे वळले आहेत. त्यांच्यातून हायड्रोजन आणखी सहज जातो, पण पृष्ठभागावर ऑक्साइड धरतं म्हणून वरून पॅलेडियमचा पातळ मुलामा लागतोच. आणि हायड्रोजन पिऊन ठिसूळ होण्याचं ते जुनं दुखणं त्यांना पॅलेडियमहूनही जास्त.