हवेचा रिसीव्हर
कॉम्प्रेसरने दाबलेली हवा साठवून कारखान्यातील दाब स्थिर ठेवणारी पोलादी टाकी. कारखान्यात हवेची मागणी सलग नसते. धूळ गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्या झटकायला हवेचा झोत सुटतो, हवेच्या दाबावर चालणारा मोठा सिलिंडर पुढे येतो आणि काही सेकंद मागणी कॉम्प्रेसरच्या क्षमतेपुढे जाते. तेवढ्या वेळची तूट टाकीने भरून काढायची असते.

टाकीचे माप या तुटीवरूनच ठरवावे. कॉम्प्रेसर मिनिटाला 5 घनमीटर हवा देतो आणि 30 सेकंद मागणी 7 घनमीटरच्या दराने होते असे धरू. तूट 1 घनमीटर झाली. ही मोजणी वातावरणाच्या दाबातील हवेची असते. या काळात दाब 7 बारवरून (बार हे दाबाचे एकक; 1 बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) 6 बारपर्यंत उतरलेला चालत असेल, तर 1,000 लिटरची टाकी लागते. अर्धाच बार उतरलेला चालणार असेल, तर 2,000 लिटरची. म्हणून यंत्राला किमान किती दाब लागतो हे आधी मोजायला हवे.

दाब पडला की कॉम्प्रेसरचे सेटिंग वाढवायचे, ही सवय महागात पडते. 7 बारच्या आसपास दर वाढीव बारला सुमारे 6 ते 7 टक्के वीज जास्त लागते, शिवाय प्रत्येक गळतीतून जास्त हवा जाते. खरे दुखणे अनेकदा पाइपात असते. प्रवाह तोच ठेवून पाइपाचा आतला व्यास निम्मा केला, तर घर्षणाने होणारी दाबाची घट सुमारे 32 पट होते. मुख्य लाइनमध्ये हवेचा वेग सेकंदाला 6 ते 10 मीटरच्या आत राहील असा व्यास घ्यावा आणि लाइन गोल फिरवून परत जोडावी, म्हणजे शेवटच्या यंत्राला दोन्ही बाजूंनी हवा मिळते. इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या एअरजेट मागांवर, म्हणजे हवेच्या झोताने आडवा धागा फेकणाऱ्या मागांवर, याचे महत्त्व लगेच कळते: दाब कमी पडला की आडवा धागा पलीकडे पोहोचत नाही आणि माग थांबतो.

ड्रायर म्हणजे दाबलेल्या हवेतील ओलावा काढणारे यंत्र. त्याच्या आधीची टाकी हवेतले पाणी खाली बसवते. नंतरची टाकी कोरडी हवा साठवते, त्यामुळे अचानक वाढलेल्या मागणीचा भार ड्रायरवर येत नाही. दोन्ही ठेवणे उत्तम. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रोजचा निचरा यांत हयगय नको; साचलेले पाणी टाकी आतून गंजवते.

गळती सुटीच्या दिवशी मोजता येते. सगळी यंत्रे बंद ठेवून लोड-अनलोड पद्धतीचा कॉम्प्रेसर चालवावा; तो लोडवर असताना हवा भरतो, अनलोडवर हवा न देता नुसता फिरतो. तो 2 मिनिटे लोडवर आणि 8 मिनिटे अनलोडवर राहिला, तर क्षमतेच्या 20 टक्के हवा गळते आहे.