टर्बो ड्रॅग कार : इंधनपुरवठ्याचे दोषनिदान

टर्बोचार्जर बसवलेल्या ड्रॅग कारच्या इंजिनाला पूर्ण बूस्टवर (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबावर) लागणारे इंधन टाकीपासून ते फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचते की नाही, आणि पोहोचत नसेल तर ते कुठे अडते, हे शोधण्याची पद्धत. पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची धाव अशी गाडी नऊ सेकंदांच्या आसपास संपवते. त्यातल्या अर्ध्या सेकंदाची उपासमारही पिस्टनचा माथा वितळवायला पुरते. बूस्टखाली मिश्रण विरळ, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘लीन’, झाले की नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होते आणि बिघाड चालकाच्या कानापर्यंत पोहोचण्याआधीच घडून गेलेला असतो. बऱ्याचदा त्याला ‘गाडी वरच्या गिअरला ओढत नाही’ एवढेच जाणवते.

गरजेचा हिशेब

टोयोटा सुप्राच्या २जेझेड या ३ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाचे उदाहरण घेऊ. ड्रॅग शर्यतींत ते जगभर दिसते आणि १००० अश्वशक्ती हा त्यावर नेहमी गाठला जाणारा टप्पा आहे. टर्बो इंजिनाला पेट्रोलवर दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे ०.६५ पौंड इंधन धरतात. म्हणजे १००० अश्वशक्तीला ताशी ६५० पौंड, २९५ किलो, अर्थात जवळपास ४०० लिटर. गंमत अशी की अख्ख्या धावेत जळते जेमतेम लिटरभर, पण पंप मात्र ताशी ४०० लिटर देणारा लागतो, आणि तोही पूर्ण दाबावर. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले इंधन) वापरले तर आकारमानाने ३५ ते ४० टक्के जास्त लागते. मिथेनॉलला दुपटीहून अधिक.

हेच ४०० लिटर सहा इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी मिनिटाला सुमारे ११०० घनसेंमी येतात. ८००० आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र १५ मिलिसेकंदांत संपते. इंजेक्टर त्यातला ८५ टक्के वेळ उघडा राहील असे धरले तर तो निदान १३०० घनसेंमीचा हवा. अमेरिकी बाजारातल्या मूळ टर्बो सुप्राचे इंजेक्टर ५५० घनसेंमीचे होते, यावरून अंतर कळावे.

फरकाचा दाब

निदानाचा सगळा भार एका आकड्यावर आहे : रेलमधला (इंजेक्टरांना इंधन वाटणाऱ्या नळीतला) दाब वजा इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला) दाब. इंजेक्टरच्या एका तोंडाला इंधन ढकलत असते आणि दुसऱ्या तोंडाला बूस्ट ते मागे रेटत असतो, म्हणून हा फरक कायम ठेवण्याचे काम रेग्युलेटर करतो. त्याला मॅनिफोल्डमधून एक नळी दिलेली असते. नळी काढून मोजलेला, म्हणजे मूळ दाब ४३.५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असेल, तर ३० पीएसआय बूस्टला रेलमध्ये ७३.५ दिसायला हवेत. समजा ६० च दिसले. फरक ३० वर आला. प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून इंधन सुमारे १७ टक्के घटते. ११.५ वर बसवलेले हवा-इंधन गुणोत्तर १३.८ च्या पुढे जाते, आणि ३० पीएसआय बूस्टला हा आकडा इंजिन उघडायला लावणारा आहे. गेजवर ६० पाहून ‘दाब तर भरपूर आहे’ म्हणणारे याच ठिकाणी फसतात.

लॉगमध्ये रेलचा दाब, मॅनिफोल्डचा दाब, लॅम्डा (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून काढलेले मिश्रणाचे प्रमाण), इंजेक्टरची ड्युटी (तो उघडा राहण्याच्या वेळेची टक्केवारी), पंपाच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज आणि आरपीएम हे सहा रकाने हवेतच. रेलचा सेन्सर बहुधा वातावरणापेक्षा जास्तीचा दाब मोजतो, मॅनिफोल्डचा सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो. वजाबाकीपूर्वी दोन्ही एका पायावर आणावे लागतात. नाहीतर १४.७ पीएसआयची चूक सगळ्या आलेखात बसते. आणखी एक सापळा : आधुनिक ईसीयू (इंजिनाचा संगणक) लॅम्डा पाहून इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. त्यामुळे दाब पडत असूनही लॅम्डा निर्दोष दिसतो आणि आजार फक्त चढत्या ड्युटीत उमटतो.

आलेख काय सांगतो

फरकाचा आलेख धावभर सपाट हवा. तो वाकतो तेव्हा कुठे वाकतो, यातच अर्धे उत्तर असते.

सुटतानाच खोल खड्डा पडून लगेच भरून आला, तर इंधन टाकीत मागे सरकले आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली. इंधन उचलण्याचे तोंड टाकीच्या मागच्या तळाला हवे, भोवती सापळा किंवा छोटी पूरक टाकी हवी. (ब्रेक मारताना इंधन पुढे जाऊन तेच तोंड उघडे पडते; पण तेव्हा थ्रॉटल बंद असतो, म्हणून निभावते.) टाकी मागे आणि इंजिन पुढे असेल तर नळीतला इंधनाचा स्तंभही प्रवेगाला विरोध करतो. चार मीटर नळीत १ जीला (गुरुत्वाकर्षणाइतक्या प्रवेगाला) साधारण ४ पीएसआय, २ जीला ८. पंपाकडे तेवढी शिल्लक ताकद नसेल तर तीही सुटतानाच उघडी पडते.

प्रत्येक गिअरच्या शेवटी आलेख हळूहळू उतरतो, गिअर बदलला की सावरतो, हे पंप अपुरा पडत असल्याचे लक्षण. अपुरा म्हणजे लहानच असे नाही. तुंबलेला फिल्टर, अरुंद नळी, कमी व्होल्टेज यांचीही हीच सही असते. उतार आरपीएमऐवजी ठरावीक बूस्टला सुरू होत असेल तर पंपातला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतोय का, नळी सुटतेय का, किंवा बूस्ट स्विचवर चालू होणारा दुसरा पंप चालूच होत नाही का, हे पाहावे. समांतर जोडलेल्या दोन पंपांपैकी एक बंद पडला आणि त्याला उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह नसेल, तर चांगल्या पंपाचे इंधन मेलेल्या पंपातून परत टाकीत जाते.

पहिली धाव ठीक, तिसरी-चौथी वाईट असेल तर उष्णता किंवा टाकीचा श्वास तपासावा. रिटर्नमधून (रेग्युलेटरपासून टाकीकडे परत जाणाऱ्या नळीतून) फिरत राहिलेले इंधन तापते, पंपाच्या तोंडाशी वाफ होते आणि पंप किंचाळल्यासारखा आवाज करतो. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला तर हवेची नळी बुजलेली आहे.

जागेवरच्या चाचण्या

इंजिन बंद, पंप चालू, बॅटरीला चार्जर लावून १३.५ व्होल्ट स्थिर. रेग्युलेटरची नळी काढून तिथे दाबमापी असलेला हातपंप जोडावा आणि १० पीएसआय हवा भरावी. रेलचा दाब बरोबर १० ने चढला पाहिजे. २० ला २० ने, ३० ला ३० ने. चढला नाही किंवा हवा टिकली नाही तर रेग्युलेटरचा पडदा गेला. काढलेल्या नळीत आतून इंधनाचा ओलावा सापडला तर चाचणीचीही गरज उरत नाही.

याच स्थितीत रिटर्नची नळी मापाच्या कॅनमध्ये सोडून एक मिनिट मोजावे. ३० पीएसआय हवेच्या दाबाखाली ७ लिटर आले, तर पुरवठा ताशी ४२० लिटर. गरज ४०० असताना हे काठावरचे आहे. २० ते २५ टक्के राखीव हवे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा बहुधा ४० पीएसआयच्या आसपासचा असतो, आणि ७३ ला तोच पंप बरेच कमी देतो. ही चाचणी उघड्यावर, थंड इंजिनावर, कॅन गाडीच्या सांगाड्याशी तारेने जोडून आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावी. कॅन प्लॅस्टिकचा नको.

व्होल्टेजसाठी मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी पंपाच्या धन टर्मिनलला लावावी. पंप पूर्ण दाबावर चालताना मध्ये ०.५ व्होल्टहून जास्त दिसले तर रिले, फ्यूज किंवा वायर जबाबदार. अर्थिंगच्या बाजूलाही तीच मोजणी करावी, आणि आमच्या मते तिथूनच सुरुवात करावी, कारण रंगावर कसलेला अर्थिंगचा बोल्ट हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उशिरा सापडणारा दोष आहे. वजन वाचवायला अल्टरनेटर काढलेल्या गाड्यांत बॅटरी धावेच्या शेवटी आणखी खाली येते. तेव्हा पंप मंदावतो, शिवाय इंजेक्टरही उघडायला उशीर करतो.

फिल्टर : पंपाआधी १०० मायक्रॉन, पंपानंतर पेट्रोलला १० मायक्रॉन. १० चा फिल्टर आधी बसवला तर पंप स्वतःच उपाशी राहतो. इथेनॉल-मिथेनॉलमध्ये कागदी फिल्टर फुगतो, आणि टाकीतला जुना फोम विरघळून त्याचे कण जाळीवर बसतात. फिल्टर उघडल्यावर काळसर चुरा दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी रिकामी करून फोम काढावा लागतो.

उलट दोषही असतो : आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) मूळ दाब ४३.५ वर आणताच येत नाही, ५५-६० वर अडतो. याचे कारण मोठे पंप आणि बारीक रिटर्न. रेग्युलेटरनंतरची नळी कॅनमध्ये सोडताच दाब खाली आला, तर खात्री पटते.

इंधनाचा दोष नसताना

फरक सपाट, तरी लॅम्डा लीन. इंजेक्टरची ड्युटी १०० टक्क्यांना टेकली असेल तर इंजेक्टर लहान. तसे नसेल तर मॅनिफोल्डच्या सेन्सरकडे वळावे : ३ बारचा सेन्सर समुद्रसपाटीला सुमारे २९ पीएसआय बूस्टपर्यंतच वाचतो. त्यापुढची हवा ईसीयूला दिसतच नाही, म्हणून तिच्यासाठी इंधनही सुटत नाही. ठिणगी विझल्यास न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि मिश्रण रिच (इंधन जास्त) असूनही लीन दिसते; टू-स्टेपवर (सुटण्याआधी आरपीएम रोखून धरणाऱ्या यंत्रणेवर) उभ्या गाडीचे लॅम्डा वाचन याच कारणाने भरवशाचे नसते. सेन्सरआधी एक्झॉस्ट गळत असेल तरी तेच. एकच सिलिंडर लीन असेल तर लॅम्डाच्या सरासरीत ते बुडून जाते. तिथे प्लग काढून पाहणे, प्रत्येक सिलिंडरचे एक्झॉस्ट तापमान आणि इंजेक्टरांची बेंचवरची मोजणी, हेच मार्ग.

भारतात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅली धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’सारख्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. इथे पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. त्याचे पूर्ण ज्वलनाचे गुणोत्तर १४.७ ऐवजी १३.५ च्या आसपास येते, म्हणजे त्याच शक्तीला सात-आठ टक्के इंधन जास्त. जुन्या पेट्रोलवर काठावर चाललेला पंप ई२० वर उघडा पडतो. हवा-इंधन गुणोत्तराचा गेज पेट्रोलच्या आकड्यांत दाखवत असेल तर गोंधळ वाढतो, म्हणून नोंदी लॅम्डात ठेवाव्यात. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली तर इथेनॉल हवेतले पाणी ओढते. ते इंधन काढून टाकावे.

दोष दुरुस्त झाल्यावर पहिली धाव कमी बूस्टवर आणि अर्ध्या अंतरापर्यंतच घेतात. ईसीयूत इंधनदाबाचे संरक्षण असेल तर ते आधी चालू करावे : फरक ठरलेल्या आकड्यापेक्षा ५ पीएसआयने आणि ०.२ सेकंदाहून जास्त वेळ खाली राहिला की बूस्ट सोडून इंजिन कट. याहून कमी वेळ ठेवला तर गिअर बदलतानाच्या हेलकाव्यालाच गाडी बंद पडते.