एकाच शेंड्यावर जगणारी झाडं

जास्वंदीची फांदी छाटली की खालून दोन नव्या फुटतात. पामचा शेंडा छाटला की ते खोड संपलं. बेटाने वाढणाऱ्या जातींत शेजारची पिलं तगतात, पण छाटलेलं खोड पुन्हा फुटत नाही. पामच्या सुमारे २,६०० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेकींमध्ये एका खोडाची सगळी वाढ एकाच कोंबातून होते. दुर्मीळ पाम हौसेने लावणाऱ्याने बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं पक्कं ध्यानात ठेवावं.

इतर वृक्षांच्या सालीखाली खोड जाड करणाऱ्या पेशींचा थर असतो, तो पामला नसतो. म्हणून रोप आधी जमिनीलगत रुंद होत बसतं. जाडी जवळजवळ पुरी झाली की मगच उंची धरतं. मादागास्करच्या रुपेरी बिस्मार्कियाला या तयारीत वर्षं लागतात आणि मालक ‘वाढच नाही’ म्हणून खताचा मारा करतो. खोडावरची जखमही कधी भरून येत नाही. दिव्यांच्या माळा टांगायला पामवर खिळे ठोकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

पण खरी गफलत होते ती पिवळ्या पानांत. खालच्या, जुन्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके दिसतात, टोकं करपतात, आणि आपण कात्री घेऊन झाड ‘स्वच्छ’ करतो. हे ठिपके बहुधा पालाशच्या (म्हणजे पोटॅशियमच्या) कमतरतेचे असतात. जमिनीतून पालाश पुरेसा मिळाला नाही की झाड तो जुन्या पानांतून काढून नव्या पानाला पुरवतं. पिवळं पान कापलं की तो साठाच गेला. मग झाड त्याच्या वरच्या पानाला हात घालतं, आणि पिवळेपणा शेंड्याकडे सरकतो. पान पूर्ण वाळेपर्यंत राहू द्यावं आणि पालाश, मॅग्नेशियम असलेलं, हळूहळू सुटणारं खत द्यावं. पानाचा मधला भाग हिरवा राहून फक्त कडेला रुंद पिवळा पट्टा आला, तर मॅग्नेशियम कमी आहे. नवंच पान आखूड आणि चुरगळलेलं निघत असेल, तर मात्र घाई करावी. ते मँगनीज कमी असल्याचं लक्षण असू शकतं, आणि तिथे एकुलता एक कोंबच पणाला लागलेला असतो.

पाम बघायचा तो नवं पान उघडताना. पात्या सुट्या उगवत नाहीत; सबंध पान आधी मिटलेल्या पंख्यासारखं घड्या घालून तयार होतं, मग ठरलेल्या रेषांवर पेशी सुटतात आणि ते चिरत जातं. वानुआटूच्या लिक्वाला ग्रँडिसचं गोल पान बहुधा चिरतच नाही, दातेरी कडेसकट अखंड राहतं. न्यू कॅलेडोनियाच्या चांबेरोनियाचं नवं पान तांबडंलाल निघतं आणि काही दिवसांत हिरवं होतं. कोवळेपणी हा लाल रंग प्रखर उन्हापासून पानाचा बचाव करतो, असं मानलं जातं. माझ्या मते लाल देठांच्या लिपस्टिक पामचं कौतुक जरा जास्तच होतं. दलदलीतलं झाड ते. थंडी आणि कोरडी हवा दोन्ही त्याला सोसत नाहीत.

बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचा बॉटल पाम मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा. तिथे सोडलेल्या शेळ्या आणि ससे रोपं फस्त करत, त्यामुळे रानात मोजकीच झाडं उरली होती. बागांमध्ये मात्र तो जगभर आहे. त्याचा सख्खा भाऊबंद, हायोफोर्बी अमारिकॉलिस, मॉरिशसमधल्या क्युरपीपच्या वनस्पती उद्यानात एकच उरला आहे. त्याची नर आणि मादी फुलं एकाच वेळी तयार होत नाहीत, त्यामुळे आपली आपण बी धरणं त्याला जमत नाही. बॉटल पामची अडचण उलटी आहे: बागेत जवळ लावलेल्या स्पिंडल पामशी त्याचा संकर सहज होतो. म्हणून बी घेताना, त्या आवारात आणखी कोणते पाम आहेत, हे आधी विचारावं.