नवी ब्रेक डिस्क तीन महिन्यांत का थरथरते?

उन्हाळ्याच्या सुट्या संपल्या की आमच्या गॅरेजमध्ये एकच तक्रार येते. "डिस्क आत्ताच बदलली होती, आता ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. माल डुप्लिकेट लावला का?" माल ओरिजिनलच असतो. त्याचं पाकीट आणि तुमचे जुने पार्ट आम्ही गाडी देतानाच हातात देतो. खरं म्हणजे बऱ्याचदा ही डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी, वॉशिंग सेंटरवर बिघडलेली असते.

चिखलदऱ्याचा घाट पाय ब्रेकवर ठेवूनच उतरलात, की डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते. वेग दुप्पट असेल तर थांबताना उष्णता चौपट. तशाच गाडीवर खाली येऊन थंड पाण्याचा प्रेशर मारला जातो. तापलेला बिडाचा तवा नळाखाली धरला तर तडकतो, हे घरोघरी माहीत आहे. डिस्कही बिडाचीच. पाणी लागलेला भाग आकसतो, बाकीचा फुगलेलाच राहतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी जरी ती डोलली, तरी थरथर हाताला जाणवते.

घाट उतरल्यावर चहाला थांबून ब्रेक दाबून बसलात तरी त्रास होतो. डिस्कला दाबून धरणाऱ्या पॅडचा मसाला तिला एकाच जागी चिकटतो. म्हणून घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. खाली आल्यावर चार-पाच किलोमीटर सपाट रस्त्याने, ब्रेक कमी वापरत चालवा. वाऱ्याने डिस्क निवते. धुणं नागपुरात आल्यावर, गाडी पूर्ण थंड झाली की करा.

"लेथवर घासून द्या, नवी कशाला?" असंही बरेच जण म्हणतात. जाडी शिल्लक असेल तर जरूर घासून देतो. पण डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याखाली आम्ही जात नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. पातळ डिस्क लवकर तापते, आणि त्याच गाडीत तुमची लेकरं बसतात.

ब्रेक ऑइल दर 2 वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रकारचं ऑइल नवं असताना 230 अंशांपर्यंत तरी उकळत नाही. पाणी मुरलं की हा आकडा 155 पर्यंत घसरू शकतो. उकळलं की पेडल थेट खाली जातं, ब्रेक लागत नाही.

फिरायला निघण्याच्या दोन दिवस आधी गाडी दाखवा. पॅड आणि डिस्कचं माप आम्ही फुकट घेतो. पॅड 3 मिलिमीटरवर आले असतील तर बदलूनच निघा. फक्त लांबून आल्या आल्या थेट आणू नका. तापलेल्या डिस्कचं माप बरोबर येत नाही, ती निवेपर्यंत तुम्हालाच तासभर बाकावर बसावं लागतं.