‘ओळखीचं वाटतंय’ आणि ‘येतंय’ यातला फरक

पेपर हातात आला, प्रश्न वाचला आणि लगेच डोक्यात आलं की अरे हे तर वाचलंय, डाव्या पानावर खाली होतं, बाजूला आकृती होती, आकृतीखालच्या दोन ओळी आपण पिवळ्या हायलायटरने रंगवल्या होत्या. सगळं आठवतंय, फक्त त्या दोन ओळींत काय लिहिलेलं ते सोडून. माझं पहिल्या वर्षाला अगदी हेच झालं आणि बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगत फिरलो की येत होतं रे, ऐनवेळी ब्लँक झालो. ब्लँकबिंक काही नव्हतं, मला ते येतच नव्हतं. नुसतं ओळखीचं होतं.

गोची अशी की या दोन्ही गोष्टी आतून सेमच वाटतात. ओळखीचं वाटायला ती गोष्ट समोर असावी लागते, मग डोकं म्हणतं ‘हो हो, पाहिलंय’. येणं म्हणजे समोर काहीच नाही, पुस्तक मिटलेलं, आणि तरी तुम्ही ते स्वतःहून बाहेर काढताय. १९७९ साली निकरसन आणि अ‍ॅडम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या लोकांना त्यांचं रोजचं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं होतं, आणि आयुष्यभर ते नाणं हाताळलेल्या बहुतेकांना लिंकनचं तोंड कुठल्या बाजूला, कुठला मजकूर कुठे हे धड जमलं नाही. नाणं समोर ठेवलं असतं तर ओळखलं असतंच की. पाचव्यांदा वाचलेला चॅप्टर हा त्या नाण्यासारखाच असतो.

खरं वाटत नसेल तर आत्ता हृदय घ्या, शाळेपासूनचा टॉपिक आहे. कागदावर चार कप्पे काढा आणि रक्त कुठून येतं, कुठे जातं ते बाण काढून दाखवा. पहिले दोन बाण झटकन येतात. मग द्विदल झडप डावीकडे की उजवीकडे (डावीकडे), आणि धमनीत ऑक्सिजनवालं रक्त असतं हे पाठ केलेलं असताना फुप्फुस धमनीत नेमकं ऑक्सिजन कमी असलेलं रक्त कसं, इथे पेन थांबतं. वाचताना इथे कधीच थांबायला होत नाही, कारण वाक्य आपलं आपण पुढे जातं आणि आपण त्याच्या मागे.

यावर एक प्रयोग झालाय, आकडे बघण्यासारखे आहेत. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हापुन्हा वाचायला दिला, आणि दुसऱ्या गटाला सुरुवातीलाच वाचायला देऊन नंतर तीनदा न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आणि आठवून लिहिणारे ६१ वर. यातली मला सगळ्यात बेकार वाटलेली गोष्ट म्हणजे आठवड्यानंतर किती लक्षात राहील असं आधी विचारलं तेव्हा जास्त कॉन्फिडन्स वाचणाऱ्यांनाच होता. म्हणजे ‘झाला माझा अभ्यास’ ही फीलिंग आहे ना, तिच्यावर भरवसा ठेवायची सोयच नाही. आठवताना उलट वैताग येतो, अडखळायला होतं, आपण ढ आहोत असं वाटतं, आणि गंमत म्हणजे नेमकं तेव्हाच काम होत असतं.

मॅथ्सला हेच जरा वेगळ्या वेषात येतं. सोडवलेलं गणित वाचताना किंवा व्हिडिओ बघताना प्रत्येक स्टेप पटते, पण इथे इंटिग्रेशन बाय पार्ट्स लावायचं की सब्स्टिट्यूशन हा निर्णय दुसऱ्याने आधीच घेऊन ठेवलेला असतो आणि गणितात अवघड असतो तो तेवढाच भाग, पुढची तर हमाली. म्हणून ‘समजलं’ म्हणण्याआधी उत्तर झाकून पहिली ओळ स्वतः लिहून बघा, पूर्ण गणित नाही सोडवलं तरी चालेल.

एमसीक्यूवाले म्हणतील आम्हाला ओळखता आलं की झालं. नाही होत. पेपर काढणारा चुकीचे पर्यायही ओळखीचेच टाकतो.

मग करायचं काय? वाचून झालं की पुस्तक बंद, कोरा कागद, जे येईल ते लिहायचं, मोडकंतोडकं चालेल, आणि मग पुस्तक उघडून लाल पेनने सुटलेलं भरायचं. हे शेवटचं टाळू नका, नाहीतर चुकीचंच पक्कं बसतं. तोच टॉपिक लगेच परत नको, एक-दोन दिवस जाऊ द्या, थोडं विसरलेलं असेल तेव्हा आठवायचा जास्त फायदा होतो. कंटाळा आला तर मित्राला समजावून सांगा, फक्त त्याला मध्ये ‘म्हणजे काय?’ विचारायची परवानगी द्या, मान डोलावणारा मित्र काही कामाचा नाही.

वाचन वाईट असं माझं म्हणणं नाही, पहिल्यांदा तर वाचायलाच लागतं. हायलायटर मीही अजून वापरतो, फक्त आधी कागद आणि मग हायलायटर, आणि कागदावर जे सुटलं तेवढ्यालाच. पूर्वी माझी पानंच्या पानं पिवळी असायची, आता पानावर तीन-चार ओळी असतात आणि आदल्या रात्री मी तेवढ्याच बघतो.