कान कमी झाला की तोल का जातो?

आजोबांना ऐकू कमी यायला लागलं की घरात टीव्हीचा आवाज वाढतो, बस. पुढे कधी ते बाथरूममध्ये पडले की चर्चा होते गुडघ्यांची, ओल्या फरशीची, चपलेची. कानाचं नाव कोणी काढत नाही, आणि तिथेच चूक होते असं मला मनापासून वाटतं.

आतल्या कानात ऐकण्यासाठी कॉक्लिया असतो आणि त्याला चिकटूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन बारीक पिशव्या असतात, त्या तोल सांभाळतात. दोन्हीकडे केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, दोन्हीचे सिग्नल मेंदूकडे नेणारी नस एकच, मेंदूच्या बारा नसांच्या जोड्यांपैकी आठवी. या पेशी एकदा मेल्या की माणसात जवळपास परत येत नाहीत, त्यामुळे वयाचा फटका दोघांनाही बसतो.

पण एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे फ्रँक लिन आणि अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगचे लुईजी फेरुची यांनी 2012 मध्ये अमेरिकेतल्या 40 ते 69 वयाच्या 2,017 लोकांची माहिती तपासली, तर ऐकणं दर 10 डेसिबलने कमी झालं की पडण्याची शक्यता 1.4 पट होत होती. आणि तोलाच्या अवयवाचा दोष हिशोबातून वेगळा काढला तरी हा संबंध उरलाच!

मग उरतो मेंदू. म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, फ, थ असली अक्षरं निसटतात, म्हणून ‘ऐकू येतं पण कळत नाही’ ही तक्रार अगदी खरी असते. राहिलेला शब्द मेंदू अंदाजाने भरतो आणि त्यात लक्ष खर्च होतं, पण चालायलाही लक्ष लागतंच. स्वीडनमध्ये 1997 साली 58 वृद्धांशी चालता चालता गप्पा मारून बघितल्या, त्यातले 12 जण बोलायला थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या 12 पैकी 10 जण पडले.

स्मृतीचंही तसंच. लिन यांच्याच 2011 च्या अभ्यासात 639 लोकांवर सरासरी 12 वर्षं नजर ठेवली होती, ऐकणं थोडं कमी असलेल्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका साधारण दुप्पट, मध्यम असेल तर तिप्पट, खूपच कमी असेल तर पाचपट दिसला. यावरून बहिरेपणामुळेच डिमेन्शिया होतो असं सिद्ध होत नाही हं, आणि कानाचं मशीन लावलं की सगळं ठीक होतं असंही नाही. 2023 मध्ये 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवरच्या, कानाच्या मशीनचा बुद्धीवर काय परिणाम होतो हे बघणाऱ्या अचीव्ह ट्रायलचा निकाल आला, तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली होती. हा छोटा दिलासा नाही.

म्हणून घरातलं कोणी पडलं, तोल जातोय म्हणालं, तर एक्सरेबरोबर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणीही करून घ्या, साधी न दुखणारी टेस्ट आहे. आणि आजी जिना उतरत असताना मागून हाक मारून काही विचारू नका, त्या खाली पोचल्या की समोर जाऊन विचारा.