महामार्ग प्रवासाची पूर्वतयारी (सातारा)

महामार्ग प्रवासाची पूर्वतयारी : वेगवान, बहुपदरी रस्त्यावर मोटार नेण्यापूर्वी वाहन आणि चालक या दोघांची करायची तपासणी. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, ट्रॅक्टर आणि पादचारी यांना बंदी आहे. सातारा जिल्ह्यातून जाणारा पुणे–बंगळूरू राष्ट्रीय महामार्ग (क्र. ४८, पूर्वीचा क्र. ४) मात्र तसा बंदिस्त रस्ता नव्हे. शिरवळपासून कराडपर्यंत वेगातली मोटार, शेताकडे निघालेला ट्रॅक्टर आणि ‘पंपापर्यंतच जायचंय’ म्हणत उलट्या बाजूने आलेली मोटारसायकल एकाच डांबरावर भेटतात. म्हणून इथली तयारी केवळ वेगाची नसते, समोर अचानक काहीतरी येईल याचीही असते.

गाडीच्या तपासणीत पहिला मान टायरचा. उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते, आणि ती उलटी आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्या दबण्याने टायर आतून तापतो आणि फुटण्याची शक्यता वाढते. योग्य दाब किती, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते. भरलेल्या गाडीसाठी तेथे वेगळा, बहुधा जास्त आकडा दिलेला असतो. हवा टायर थंड असताना, म्हणजे निघण्यापूर्वी घराजवळच्या पंपावर तपासावी; तासभर पळवून तापलेल्या टायरवर काटा जास्त दाब दाखवतो. नक्षीची खोली १.६ मिमीपेक्षा कमी झाली की टायर कायद्यानेही बाद ठरतो. तोपर्यंत थांबणेही शहाणपणाचे नाही, कारण पावसात पाणी बाजूला सारण्याचे काम त्याच खाचा करतात. टायरच्या बाजूवरील चार आकडी कोडात पहिले दोन अंक तो बनवल्याच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. नक्षी शाबूत असूनही वयामुळे भेगा पडलेला टायर बदलावा. स्टेपनीची हवा पाहायची राहून जाते ती राहूनच जाते.

ब्रेकचा कस घाटात लागतो. पुण्याकडून येणारी वाहने वर्षानुवर्षे खंबाटकी घाट चढून उतरत आली. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा लागतो आणि तो संपल्यावर उतारावरचे दुहेरी वळण. हे वळण अपघातांसाठी कुख्यात आहे आणि त्याला पर्याय म्हणूनच नव्या जोडबोगद्यांचे काम हाती घेण्यात आले. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही घातक सवय होय. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही लागू आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि त्यामुळे कमी तापमानाला उकळते. म्हणून पातळी पुरेशी दिसली तरी ते ठरावीक मुदतीनंतर बदलावे लागते.

कूलंट, इंजिन ऑइल, वायपरचे रबर, दिवे आणि फास्टॅगमधील शिल्लक ही पाच मिनिटांची कामे आहेत. फक्त रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना उघडू नये. दसऱ्याला धुऊन झेंडूची माळ घातलेली गाडी आतून तपासलेली असतेच असे नाही. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावरच चिकटवलेली मूर्ती तर धडकेच्या क्षणी प्रवाशाच्या अंगावर येऊ शकते. देवाला दुसरी जागा द्यावी.

चालकाची तयारी आदल्या रात्री सुरू होते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारच्या जेवणानंतरची वेळ झोपेची. डुलकी येऊ लागल्यावर काच खाली करणे किंवा गाणी मोठ्याने लावणे याचा फारसा उपयोग होत नाही. सुरक्षित ठिकाणी थांबून पंधरा-वीस मिनिटे झोपणे हाच उपाय आहे. दर दोन तासांनी विश्रांती घ्यावी. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, हेही ध्यानात घ्यावे. मोटार वाहन कायद्यात मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. व्यवहारात ती शून्य मानावी. बसताना ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील इतके आसन पुढे घ्यावे. सीटबेल्ट मागच्यांनाही बंधनकारक आहे.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजित रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी १०० किमी आहे. फलकावर कमी आकडा असेल तर तोच पाळायचा. ताशी १०० किमी वेगाला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. चालकाच्या लक्षात येऊन गाडी पूर्ण थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही ८०–९० मीटर लागतात. पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवायचे ते यासाठी, आणि पावसात ते दुप्पट हवे. पावसात किंवा बोगद्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत. मग वळण्याचा इशाराच कळत नाही. डिपरवर हेडलाइट पुरेसे असतात.

गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, या पट्ट्यात वेगळीच सावधगिरी लागते. भुईंज आणि शेंद्रे येथील साखर कारखाने महामार्गालगतच असल्याने रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, असला तरी उसाच्या शेंड्यांनी झाकलेला असतो. काळोखात समोर काहीच दिसत नसेल तर रस्ता मोकळा आहे असे समजू नये. हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. शनिवार-रविवारी सुरूर फाट्यावर वाई-महाबळेश्वरकडे वळणाऱ्यांची गर्दी होते, तिथे फाटा दिसल्यावर ऐनवेळी डावीकडे गाडी घालणारे फार. वळायचे असल्यास लेन दोन किलोमीटर आधीच बदलावी.

गाडी बंद पडलीच तर ती डाव्या कडेला पूर्ण उतरवावी, चारही इंडिकेटर लावावेत, लाल परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि सर्वांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. उजव्या लेनमध्ये उभे राहून टायर बदलू नये. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३, पोलीस व रुग्णवाहिकेसाठी ११२ हे क्रमांक आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४अ नुसार जखमीला सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.